थ-थ-थांब ना

धाकटी बोलताना अडखळते. शब्द अडला की बोटाने ठेका धरायचा आणि तो गाऊन म्हणायचा, ही युक्ती तिला ताईनेच शिकवली होती.

ताईचा पहिला अल्बम तयार होत होता. त्यातलं नाचाचं गाणं काही केल्या रंगत नव्हतं. वैतागलेल्या ताईने स्टुडिओत सगळ्यांना हसवायला धाकटीची नक्कल केली, "थ-थ-थांब ना!" रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठलाच. "हेच! हेच पुन्हा म्हण."

बाजारात येण्याआधी ताईने ते गाणं घरी ऐकवलं. धाकटीचा चेहरा उतरला.

"ताई, ते का-का-काढ ना."

"अगं वेडे, तुझं नाव कुठे घेतलंय त्यात? कोणाला कळणार आहे?"

महिन्याभरात गाणं गल्लोगल्ली वाजू लागलं. एक दिवस वर्गात धाकटीवर कविता म्हणायची पाळी आली. पहिल्याच शब्दाला ती अडली. सवयीने तिने बाकावर बोटाने ठेका धरला. मागून कोणीतरी "थ-थ-थांब ना" सुरू केलं आणि सगळा वर्ग तिच्याच ठेक्यावर बाक बडवू लागला. बाईंनी हसू दाबत डस्टर आपटला. "पुरे रे! आणि तू बस गं खाली."

संध्याकाळी ताईने विचारलं, "काय गं, तुमच्या शाळेत वाजतं का माझं गाणं?"

बोट कुठेही न टेकवता धाकटी म्हणाली, "रोज."

"बघ! आणि तू काढायला सांगत होतीस," असं म्हणून ताईने तिचा गालगुच्चा घेतला.