पुलापलीकडून परत आलेली

मी एक जुनी कुत्री आहे आणि माझे नाक वाकडे आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही टक लावून बघत बसणार नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे माणसे म्हणतात. माझे शेपूट चांगले सरळ आहे. वाकडे आहे ते नाक, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझा जन्म पिठाच्या गिरणीत, रिकाम्या पोत्यांमागे झाला. गिरणी काकूची आणि तिच्या दिराची. उंदीर पळवायचे आणि कोंबड्यांना धान्यात तोंड घालू द्यायचे नाही, हे माझे काम. गिरणीचा पट्टा फिरू लागला की पीठ उडे आणि मी नखशिखांत पांढरी होई. माझा खरा रंग कोणता, यावर गिऱ्हाइके पैजा लावत. माझ्यामुळे एकही पोते कुरतडले गेले नाही, असे काकू ज्याला त्याला सांगे.

सहाव्या वर्षी माझ्या नाकपुडीवर गाठ आली. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी, पण लालभडक. तिच्यातून रक्त ठिबके आणि त्यावर पीठ चिकटे. कालपर्यंत पाठ थोपटणारे हात आता दगड शोधू लागले.

आमच्या गावाची एक रीत होती. कुत्र्याला गाठ आली की त्याला दुधाच्या गाडीत रिकाम्या कॅनांच्या मधोमध बसवायचे आणि नदीच्या पुलापलीकडे सोडून यायचे. पीडा गेली म्हणून सगळे हात झटकून मोकळे. किती वर्षे हे चालले होते, कोणालाच ठाऊक नव्हते.

काकूने मात्र मला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्या दर बुधवारी स्कूटरवरून येत. त्यांनी हातमोजे चढवून माझे नाक पाहिले. ही गाठ संसर्गाची आहे, त्या म्हणाल्या. एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी दुसऱ्या कुत्र्याला हुंगताना, चाटताना किंवा जोडी जमताना लागतात आणि फांदी लावावी तसे त्याच्या अंगात रुजतात. माणसाला त्यापासून धोका नाही. बरे होण्यासाठी पाच बुधवार, पाच इंजेक्शने. तोवर हिला इतर कुत्र्यांपासून दूर बांधून ठेवा.

दोन बुधवार झाले. गाठ सुकू लागली होती. पण गिऱ्हाइके कुरकुरत होती आणि दिराला दम नव्हता. काकू बाहेर गेलेली पाहून त्याने मला गाडीत घातले.

पुलापलीकडे मी उतरले आणि चकितच झाले. तिथे आमच्याच गावातली हाकललेली चार कुत्री होती. तिथलीही कुत्री होती, आणि त्यांच्याही अंगावर गाठी. एक तरणा कुत्रा शेपूट हलवत मला हुंगायला आला. मी असे दात दाखवले की तो उलट्या पावली गेला. भुंकणारे कुत्रे चावत नाही म्हणतात. मी दोन्ही करते. माझी गाठ मी कोणालाही देणार नव्हते. चार दिवस मी एकटी, उपाशी, पुलाच्या कठड्याशी बसून राहिले.

मग तो फटफट आवाज आला. ती स्कूटर मी हजारात ओळखते. मी तिच्यामागे धावले, पूल ओलांडला, आणि जीभ लोंबत असतानाच गिरणीच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

दिराने दूधगाडीवाल्याला पुन्हा हाक मारली. डॉक्टरीणबाईंनी स्कूटर आडवी लावली आणि गाडीवाल्याला विचारले, "इकडून किती कुत्री नेलीस?"

"असतील बारा-तेरा."

"आणि तिकडून इकडे?"

त्याने मान खाली घातली. "तेवढीच. पलीकडच्या गावाचीही हीच रीत आहे ना बाई. कोणी विचारलंच नाही."

"म्हणजे तुम्ही आजार घालवला नाहीत," त्या म्हणाल्या. "फिरवत ठेवलात."

काकूने आत जाऊन गिरणीचा पट्टा उतरवला आणि खांद्यावर टाकून बाहेर आली.

"हिची पाच इंजेक्शनं पुरी होईपर्यंत गिरणी बंद," ती दिराला म्हणाली. "ज्याला घाई असेल त्यानं जात्यावर दळावं."

गिऱ्हाइके डबे घेऊन उभीच राहिली. दिराने आधी त्यांच्याकडे आणि मग पट्ट्याकडे पाहिले. मग तो खाली बसला आणि इंजेक्शनसाठी त्यानेच माझे तोंड धरले. मी एकदाच गुरगुरले. तेवढा माझा हक्क होता. काकूने पट्टा पुन्हा चढवला, पण उरलेले दोन्ही बुधवार माझे इंजेक्शन होईपर्यंत ती तो उतरवूनच ठेवी.

गाठ गेली. नाकपुडी तेवढी आवळून वाकडी झाली. आज तीच दूधगाडी दर बुधवारी दोन्ही काठांवरची आजारी कुत्री गिरणीच्या अंगणात आणते, आणि तो तरणा कुत्रा तिसऱ्या इंजेक्शनापर्यंत पोहोचला आहे. मी त्याला अजूनही जवळ येऊ देत नाही.

मित्रांनो, तुमच्या दारच्या कुत्र्याला अशी गाठ दिसली तर दगड खाली ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. त्याला दुसऱ्याच्या दारात सोडू नका. जे सोडाल ते फिरून तुमच्याच दारी येईल. आणि 'बिचारी' म्हणून माझ्याकडे बघू नका. मला दया कधीच नको होती. मला पाच बुधवार हवे होते, आणि त्यातला तिसरा मी स्वतः धावत जाऊन आणला.