मैना घोडीची चौकशी

गोविंदराव रेल्वेत छत्तीस वर्षं तपासनीस होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण खोड काही जाईना. आता घराचीच तपासणी चालायची. भाजीतलं मीठ, नळाची गळती, सुनेची स्कूटी लावायची जागा, सगळ्यावर त्यांचा शेरा ठरलेला. या दोन वर्षांत त्यांच्या बायकोची, सिंधूताईंची, झोप उडाली, जेवण तुटलं आणि बोलणं तर आटलंच.

सीपरी बाजारातल्या डॉक्टरच्या गोळ्या संपल्या तरी गुण येईना, तेव्हा सून कांचन त्यांना बबीनाच्या रस्त्यावर घेऊन गेली. तिथे एका निवृत्त सुभेदारानं मनानं खचलेल्या माणसांच्या विरंगुळ्यासाठी घोडे पाळले होते. सिंधूताई मैना नावाच्या म्हाताऱ्या घोडीला ब्रश करायच्या, गूळ भरवायच्या, तिच्यासोबत फेऱ्या मारायच्या.

"माणसांचे डॉक्टर संपले वाटतं!" गोविंदराव कडाडले आणि थेट सुभेदाराला जाऊन भिडले. "सबूत क्या है?"

"बाबूजी, जाँच हुई है, पर छोटी-छोटी. फ़ायदा घोड़े से है कि खुली हवा से, पक्का कौन कहे? मन हल्का होता है, इतना देखा है."

"देखा है म्हणे!" अशा ऐकीव साक्षीवर गोविंदरावांनी कधी कुणाला सोडलं नव्हतं. त्यांनी रजिस्टर आणलं, रकाने आखले: झोप, पोळ्या, बोलणं, शेरा. पंधरा दिवस घोडीसह, पंधरा दिवस घोडीविना. घोडीविना फरक पडला नाही, तर घोडी कायमची बंद.

"मैना तेवढी बंद करू नका हो," सिंधूताई म्हणाल्या. वर्षभरात त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट.

"ते आकडे ठरवतील."

पहिले पंधरा दिवस ते कुंपणापाशी खुर्ची टाकून, घड्याळ लावून बसले. "ब्रश उलटा फिरवतेयस. गूळ पुरे. दोरी ताठ धर." घोडीसुद्धा कान पाडून उभी राही. झोप चार तास, पोळी दीड, बोलणं "हो" आणि "नाही".

मग घोडी बंद झाली, आणि त्याच दिवशी ग्वाल्हेरहून धाकट्या भावाचा, वामनचा, फोन आला. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि बघायला कुणी नव्हतं. गोविंदरावांनी रजिस्टर कांचनच्या हवाली केलं. "एक आकडा खोटा निघाला तर माझ्याशी गाठ आहे!"

पंधरा दिवसांनी परतल्यावर चहाच्या आधी त्यांनी रजिस्टर मागवलं. झोप साडेसहा तास. पोळ्या तीन. शेजारच्या शारदाकाकूंशी तासभर गप्पा. शेऱ्यात लिहिलं होतं, 'आई हसल्या.'

"बघा!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "घोडी नाही, तर तब्येत दुप्पट! त्या सुभेदाराच्या तोंडावर फेकतो हे!"

"बाबा, घोडी नव्हती, सही है," कांचन म्हणाली. "पर आप भी तो नहीं थे."

गोविंदरावांनी पानं उलटसुलट केली. चूक सापडेना. रकाने त्यांनीच आखले होते. "म्हणजे दुखणं मी आहे?" ते ओरडले आणि बायकोकडे वळले. असल्या वेळी ती गेली अडतीस वर्षं "काहीतरीच काय!" म्हणत आली होती.

सिंधूताईंनी कप खाली ठेवला आणि रजिस्टर आपल्याकडे ओढून कोरं पान काढलं.

"अहो, चौकशी अर्धीच झालीय," त्या म्हणाल्या. "आणखी पंधरा दिवस करून बघू. या खेपेला घोडी असू दे. तुम्ही परत ग्वाल्हेरला येताय, असं वामनभावजींना मी फोन करून सांगते."