हात बाहेर

आमचा नवरा घरी फारसं बोलत नाही. "भाजी बरी झालीय का?" विचारलं तर "हं". "नळ गळतोय" म्हटलं तर "बघू". माणूसच घुमा, त्याला कोण काय करणार, अशी मी लग्नानंतर लवकरच स्वतःची समजूत घातली होती. मग एका दुपारी मी त्याला कंट्रोल रूममध्ये फोनवर खो खो हसताना ऐकलं, आणि ती समजूत जी गेली ती गेलीच.

आम्ही दोघं एकाच खुर्चीवर नोकरी करतो, म्हणजे पाळीपाळीने. सकाळची पाळी माझी, दुपारनंतरची त्याची. जिथे विजेच्या तारा पोचलेल्या नाहीत अशा ठिकाणचे जनरेटर आमची कंपनी सांभाळते. एरवी तिथे उन्हावर भरणाऱ्या बॅटऱ्या असतात. त्या उतरल्या की आमच्या पडद्यावर पिवळा ठिपका येतो, आम्ही बसल्या जागेवरून बटण दाबतो आणि कुठल्या कुठे एखाद्या डोंगरावर मशीन घुरघुरायला लागतं. डिझेल किती उरलंय, तेल किती तापलंय, सगळं इथे खुर्चीत दिसतं. एका हातात चहा असला तरी चालतं.

नियम एकच. जिथे माणूस राहतो तिथे आधी फोन करायचा. "हात बाहेर?" असं विचारायचं, आणि पलीकडून "हात बाहेर" असं उत्तर येईपर्यंत बटणाला शिवायचं नाही. मशीन काही सांगून सुरू होत नाही. तिकडे कुणी बेल्ट आवळत बसलेलं असेल तर बोटं गेली म्हणून समजा.

नवरा हसत होता तो बेटवालीशी. बेटावर एक दीपगृह आहे, त्याची राखण ही बाई करते आणि जनरेटरची साफसफाईही बघते. तो सुरू करणं मात्र आमच्याकडे, कारण तिच्या आधीच्या माणसाने स्वतःचे पंखे फिरवण्यात सगळं डिझेल संपवलं होतं. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आवाज ऐकलाय. आवाज चांगला आहे, हे मला कबूल करावं लागतं, आणि तेच तर जास्त टोचतं.

त्या दिवसापासून माझी पाळी संपली तरी मी लगेच उठेनाशी झाले. पर्समध्ये किल्ल्या शोधायच्या, डबा पुसायचा, चप्पल घालायला उगाच वेळ लावायचा. तो फोन लावायचा. "हात बाहेर?" आणि मग बटण दाबून झालं तरी फोन खाली नाही. "काय सांगतेस! चारही पिल्लं जगली?" मांजरीची पिल्लं. आमच्या शेजारणीला मुलगा झाला तेव्हा या माणसाने "बरं" एवढंच म्हटलं होतं. शेवटी हळू आवाजात म्हणायचा, "जपून हं." मला शेवटचं "जपून" कधी म्हणाला होता ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवलं नाही.

"एवढं काय हसण्यासारखं असतं रे?" मी एकदा विचारलं.

"कुठे काय? एकटी असते बिचारी."

"मीसुद्धा दुपारभर एकटीच असते."

"तू घरी असतेस," तो म्हणाला आणि पेपरमध्ये तोंड घातलं. घरी असलेल्या बाईला एकटेपणा लागत नाही, असा त्याचा बहुधा शोध होता.

आणि हीच बेटवाली माझ्या पाळीत कशी वागायची? मी फोन केला की आधी काही क्षण गप्प. मग कुठेतरी 'खट' असा आवाज. मग कोरडं उत्तर, "हात बाहेर, मॅडम." त्याला दादा, मला मॅडम. दादा म्हणते म्हणून मी निश्चिंत व्हावं, असं कुणाला वाटत असेल तर वाटो बापडं. त्या 'खट'चाही मला राग यायचा. माझा फोन आला की ही बया काहीतरी आपटते, असं मी धरून चालले होते.

मग हातमोज्यांचं प्रकरण झालं. नवऱ्याच्या बॅगेत मला एक नवी जोडी दिसली. चांगली जाड, आतून मऊ, बायकांच्या मापाची. थंडीत माझ्या हातांना भेगा पडतात, भांडी घासताना पाणी लागलं की जीव जातो. मी गुपचूप बॅग बंद केली. बघितलं का, म्हटलं, बोलत नसला तरी लक्ष आहे. दोन दिवस मी वाट पाहिली. त्या दोन दिवसांत त्याच्या आवडीची भाजीही केली, कशाला खोटं बोलू.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर पोचले, तर सामानाच्या होडीचा हिशेब बघणारा कारकून दारातच भेटला. "तुमच्या यजमानांचं पुडकं गेलं बरं का बेटावर," तो म्हणाला. "हातमोजे होते ना? भिजणार नाहीत असे बांधलेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला हसून "बरं झालं" म्हटलं आणि खुर्चीत येऊन बसले. आभाळ भरलेलं होतं. बेटाच्या बॅटऱ्या रात्रभर दिवा चालवून उतरल्या होत्या आणि पिवळा ठिपका आलाच होता. फोन हाताशी होता. पण मला तो आवाज ऐकायचा नव्हता. त्या हातांनी माझे मोजे घातले असतील आणि वर मीच विचारायचं, हात बाहेर का? बाहेरच असणार. चहा पीत पिल्लांशी खेळत बसली असेल.

मी न विचारता बटण दाबलं.

मशीन सुरू झालं नाही. पडद्यावर ओळ आली: जागेवरचं लाल बटण दाबलेलं आहे. प्रत्येक मशीनवर तसं एक बटण असतं. ते दाबून ठेवलं की आम्ही इथून कितीही आदळआपट केली तरी मशीन हलत नाही. मला वाटलं, लाइनमध्ये काहीतरी गडबड आहे. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ.

तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, तुम्ही आत्ता मशीन सुरू करत होतात?"

"हो," मी म्हणाले.

"पॅनेलवरचा दिवा लागला दोनदा. माझा हात बेल्टच्या आत होता. कोपरापर्यंत."

समोरचा चहा मी बाजूला सरकवला.

"मग लाल बटण..." मी कसंबसं म्हटलं.

"तुमच्या पाळीत मी ते दाबूनच हात घालते. दादांनी सांगून ठेवलंय."

"काय सांगितलंय त्याने?"

तिला सांगायचं नव्हतं, हे मला कळत होतं. पण मी फोन धरून बसले, तेव्हा बोलली. "म्हणाले, माझी बायको मनाने वाईट नाही. पण रागात असली की विचारत नाही, करून मोकळी होते. तिच्या पाळीत आधी बटण दाबत जा."

"आणि त्याच्या पाळीत?"

"तेव्हा नाही दाबत. ते विचारतात." मग म्हणाली, "वहिनी, मी हे वर कुणाला कळवणार नाही. घरी तुम्हीच सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला वहिनी म्हटलं, तेही अशा वेळी.

"हात बाहेर?" मी विचारलं. तिकडे खट झालं. लाल बटण सोडवल्याचा आवाज होता तो, इतके दिवस ऐकत होते तोच. "हात बाहेर," ती म्हणाली. मी मशीन सुरू केलं.

दुपारी नवरा पाळीवर आला, तेव्हा मी त्याला बाहेर जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो कठड्याला धरून पायरीवर बसला.

"हात शाबूत आहे ना तिचा?"

"आहे."

त्याने डोळे मिटून घेतले. मी वाट पाहत होते की आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तिला सांगितलंस," मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगणार? पलीकडून 'हा' ऐकू आला की तुझं बोट बटणावर असतं. पुढचं ऐकतच नाहीस. मी किती वेळा पाहिलंय. एकदा बोललो होतो, तर आठवडाभर अबोला धरलास."

ते खरं होतं. तरी मला राहवलं नाही. एवढं होऊनही माझी सुई तिथेच अडकली होती, म्हणजे बघा.

"आणि हातमोजे? ते तिला कशासाठी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, थकून.

"खाऱ्या हवेने ते लाल बटण गंजलंय. फिरवून सोडवताना तिची बोटं सोलून निघतात. तुझ्या पाळीत तिला ते सोडवावं लागतं."

तो उठला, पँट झटकली आणि आत खुर्चीवर जाऊन बसला. मी जिन्यातच उभी राहिले. थोड्या वेळाने दारातून त्याचा आवाज आला, "हात बाहेर?" आज मात्र तो हसला नाही.

आता मी रोज विचारते. उत्तर पुरतं येईपर्यंत हात मांडीवर ठेवते, बटणाच्या जवळसुद्धा नेत नाही. बेटवाली मला वहिनी म्हणते, पिल्लांचं सांगते, मीही एक-दोनदा हसले आहे. पण प्रत्येक वेळी तिच्या उत्तराआधी तो आवाज येतो, खट. परवा मुद्दाम पाळी संपल्यावर नवऱ्याच्या मागे उभी राहिले आणि त्याचा फोन कान देऊन ऐकला. तिकडून लगेच उत्तर आलं, "हात बाहेर, दादा." मधे कसलाच आवाज नव्हता, आणि मी जळून खाक झाले.