बाकीच्यांचं मत

परमदाईचं घर बर्बीस जिल्ह्यातल्या इतर घरांसारखंच खांबांवर उभं होतं, आणि पक्षाची बैठक नेहमीप्रमाणे घराखालच्या मोकळ्या जागेत भरली होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवार निवडायचा होता, लुरीन फ्रेझर की देवनरैन. लुरीनने हा पक्ष याच घराखाली उभा केला होता. देवनरैन गेल्या निवडणुकीनंतर पक्षात आला होता. हे कुणी नाकारत नव्हतं.

कुणीच काही नाकारत नव्हतं, हीच अडचण होती. भातगिरणीच्या मालकाने सांगितलं की त्याला स्वतःला काळी बाई चालेल, पण गावातले भारतीय वंशाचे लोक तिला मत देणार नाहीत. लिंडनहून आलेला खाणकामगारांचा पुढारी लुरीनच्याच रंगाचा. तो म्हणाला, रंगाचा प्रश्नच नाही, पण त्याचे गडी बाईच्या हाताखाली राहायला तयार होणार नाहीत. जो तो स्वतःपुरता उदार होता. शेजाऱ्याची हमी मात्र कुणी देत नव्हतं.

लुरीनने परमदाईकडे पाहिलं. वीस वर्षं दोघी दारोदार एकत्र फिरल्या होत्या.

"माझं तुला ठाऊक आहे गं," परमदाई म्हणाली. "पण माझ्या दिरांना कोण समजावणार? हरलो तर पुढची पाच वर्षं पोरांना नोकऱ्या नाहीत."

"म्हणजे तूसुद्धा."

"मी नाही. ते."

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. लुरीन पेन्सिल धरून बसून राहिली. परमदाईच गळली तर उरलं कोण? आपलं नाव एकदाच वाचलं गेलं, तर ते आपणच लिहिलं हे सगळ्यांना कळणार. त्यापेक्षा पक्ष एकमताने उभा दिसलेला बरा. तिने देवनरैनचं नाव लिहिलं आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

चिठ्ठ्या उघडून वाचल्या जाऊ लागल्या, देवनरैनमागून देवनरैन येत गेलं. मध्येच वाचणारा थबकला. "लुरीन फ्रेझर." मग पुन्हा शेवटपर्यंत देवनरैन.

"कॉम्रेडचा स्वतःवर एवढा तरी विश्वास हवाच की," देवनरैन म्हणाला. सगळे हसले, त्यात आकस नव्हता. लुरीनही हसली.

परमदाई हसली नाही. माणसं खुर्च्या उचलू लागली तशी ती जवळ आली.

"एकच कशी?" तिने हळूच विचारलं. "ती तर माझी होती."

लुरीनने वाकून आपली खुर्ची उचलली. परमदाईने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग तीही खुर्च्या उचलायला गेली.