गाडीचं पाणी

मला गाडी घ्यायची आहे ही बातमी पाथर्डीच्या पेट्रोल पंपावर कुणी पोचवली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण पोचली खरी. मग काय, दवाखान्यात पेशंट कमी आणि सल्लागार जास्त अशी गत झाली. कुणी म्हणे फियाट घ्या, पेट्रोल कमी पिते. कुणी म्हणे अँबॅसेडरच घ्या, आपल्या रस्त्यांना तेवढीच पुरते. एक गुरुजी होते, त्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती. तेही मला धुराचा रंग बघून इंजिन कसं ओळखायचं ते समजावून गेले.

ऐकून घेणं भाग होतं. अकरा वर्षं मोटारसायकलवर गावोगाव फिरून माझ्या कमरेचा मणका सरकला होता. नगरच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की आता दोन चाकांवर बसायचं नाही. नव्या गाडीला नंबर लावावा तर सहा-सात वर्षांची वाट. म्हणजे जुनी गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर दवाखाना बंद करून नगरला मेव्हण्याच्या हाताखाली जाऊन बसायचं. मेव्हणा चांगला माणूस आहे, पण त्याच्या हाताखाली बसण्यापेक्षा मी आडवं पडून राहणं पसंत केलं असतं.

तेवढ्यात काकासाहेबांनी मुक्ताबाईंच्या गाडीची खबर आणली. काकासाहेब म्हणजे आमचे कापडदुकानदार मित्र. त्यांच्याकडे जुनी जीप होती, त्यामुळे पंपावर त्यांच्या शब्दाला वजन होतं. ही जीप करंजीच्या घाटात दर खेपेला उकळून शिट्टी मारायची आणि काकासाहेब तेही कौतुकाने सांगायचे.

"तिसगावच्या अलीकडच्या वस्तीवर आहे गाडी," ते म्हणाले. "एकसष्टची अँबॅसेडर. मालक वारून दोन वर्षं झाली. बाईंना चालवता येत नाही. उभी राहून सडली असणार, पण बघायला काय जातंय?"

त्र्याहत्तरचा एप्रिल होता तो. दुष्काळाचं वर्ष. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती ढेकळं. काकासाहेबांच्या जीपने वस्तीवर पोचलो तर पत्र्याच्या पडवीत गाडी उभी, फिक्या बदामी रंगाची, वर धुतलेलं लुगडं पांघरलेलं. चारही चाकं फळ्यांवर. काकासाहेबांनी खिशातून लोहचुंबक काढलं, कारण गंजलेल्या पत्र्याच्या जागी लांबीचा लगदा भरला असेल तर ते चिकटत नाही. चुंबक सगळीकडे चिकटलं. तेव्हा नाइलाज होऊन त्यांनी पुढच्या चाकाला एक लाथ घातली.

"बैल घेताना बी असंच लाथ मारून बघता व्हय?" मागून आवाज आला.

मुक्ताबाई पन्नाशीच्या असतील. उंच, काटक, हाताला पीठ लागलेलं. काकासाहेबांचा पाय जागच्या जागी खाली आला.

मी गाडी तपासायला गेलो होतो. प्रत्यक्षात पुढचा तासभर त्यांनीच मला तपासलं. गाडी शेवटची कधी चालू केली होती, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आज सकाळी. रोजच करते. तव्यावर पहिली भाकरी टाकताना चालू करायची आनि तिसरी उतरली की बंद. मालकांनी तेवढं शिकिवलं हुतं." दर अमावास्येला त्या घरच्या माणसांना हाताशी घेऊन गाडी अर्धं चाक पुढे ढकलत, म्हणजे टायर एकाच जागी बसत नाहीत. भिंतीवर गेरूच्या रेघा होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे एकदा बदललेलं इंजिनाचं तेल. दोन वर्षं गाडी फाटकाबाहेर गेली नव्हती आणि तरी रेघा चुकल्या नव्हत्या. मी पेशंटांना रोजची गोळी रोज घ्या म्हणून अकरा वर्षं ओरडत होतो. एवढ्या नेमाने गोळी घेणारं एक माणूस मला भेटलं नव्हतं.

मग त्यांनी कोपऱ्यातला रांजण दाखवला. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यावर परात, परातीवर दगड.

"पावसाचं पानी हाय. पत्र्यावरनं धरल्यालं," त्या म्हणाल्या. "हिरीचं पानी आमच्याकडं खारं. ह्ये बघा." त्यांनी चहाची किटली उलटी करून आत दाखवली. आत पांढरा थर जमला होता, नखाने निघणार नाही असा. "किटलीत बसतं, मंग गाडीच्या नळ्यांत बसणार न्हाई का? जीपवाले घाटात उकळत्यात ते ह्याच्यानंच. बारा वर्सं हिच्या पोटात दुसरं पानी गेल्यालं न्हाई."

काकासाहेबांनी आपल्या जीपकडे बघायचं टाळलं. मला मात्र त्या बाईंबद्दल इतका आदर वाटला की हात जोडावेसे वाटले. आमच्याकडे चार बुकं शिकलेले मोटारवाले दिसेल त्या डबक्यातलं पाणी गाडीत ओततात आणि मग कंपनीला शिव्या देतात.

"गाडीच्या पान्याचं झाकन कवा उघडायचं?" त्यांनी मला विचारलं.

"इंजिन थंड झाल्यावर."

"आनि लई घाई असली तर?"

"तरी थंड झाल्यावरच."

त्यांनी मान हलवली. "चला, चालवून दावा. मी मागं बसते." आणि पाच लिटरचा डबा रांजणातून भरून, झाकण लावून माझ्या हातात दिला. "ह्यातलं पानी फकस्त गाडीला. ध्यानात ठिवा."

मी ध्यानात ठेवलं. तीच तर माझी चूक झाली.

गाडी अशी चालली की काय सांगू! काकासाहेब शेजारी बसून आवाज ऐकत होते, खोट काढायला, आणि त्यांना काही सापडत नव्हतं. करंजी मागे पडली, घाट आला. इथे मला चेव चढला. गाडीचा जोर दाखवायच्या नादात मी पहिलं वळण तिसऱ्याच गियरवर ओढलं. मागून फक्त "दुसरा" एवढाच शब्द आला. ज्या बाईंना गाडी चालवता येत नव्हती त्यांना गियर आवाजावरून कळत होता. पण तोवर तापमानाचा काटा वर गेला होता. मी रुंद वळणावर गाडी वळवली, पायथ्याला आणली आणि लिंबाखाली थांबवून बॉनेट उघडलं. झाकणाला हात लावला नाही. डबा हातात धरून शहाण्यासारखा उभा राहिलो. मुक्ताबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी आपली झाली असं मी मनात धरून टाकलं.

तिथे पायथ्याला दुष्काळी काम चाललं होतं. पन्नास-साठ बाया खडी फोडत होत्या. त्यांच्यातल्या दोघी धावत आल्या.

"दादा, लंकाबाई भोवळ येऊन पडलीया! टँकर कालपासनं आला न्हाई. पानी द्या जरा." आणि त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे बोट केलं.

मला लंकाबाई दिसत होती. वीस पावलांवर, खडीच्या ढिगाला टेकवलेली, मान एका बाजूला कललेली. मी डॉक्टर आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, "हे गाडीचं पाणी आहे."

नुसतं एवढंच नाही. मी डबा दुसऱ्या हातात, त्यांच्यापासून लांब घेतला. आणि वर म्हणालो, "टँकर येईलच इतक्यात."

गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मुक्ताबाईंनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. ओढला नाही, माझीच बोटं सुटली. त्या तरातरा गेल्या, पदर भिजवून लंकाबाईच्या तोंडावरून फिरवला, डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळीने घोट घोट पाजलं. मग मी धावलो, नाडी पाहिली, पाय उंच करायला लावले, सगळं केलं. पण ते नंतर. लंकाबाईने डोळे उघडले तेव्हा बाकीच्या बाया नुसत्या डब्याकडे बघत उभ्या होत्या. मुक्ताबाईंनी एकेकीच्या ओंजळीत धार धरली. रांजणात जपून ठेवलेलं ते पाणी पाच मिनिटांत संपलं आणि त्यांच्या कपाळावर आठी नव्हती.

"आता गाडीला काय घालायचं?" काकासाहेब पुटपुटले.

जवळच खडीच्या खाणीत तळाला थोडं गढूळ पाणी साचलं होतं, गुरंही तोंड लावणार नाहीत असं. मुक्ताबाई डबा घेऊन खाली उतरल्या. इंजिन पुरतं थंड झाल्यावर त्यांनी पदराची चौपदरी घडी रेडिएटरच्या तोंडावर धरली आणि मला म्हणाल्या, "वता हळूहळू." त्यांचा पदर चिखलाने लाल झाला. गाडीच्या पोटात पहिल्यांदा दुसरं पाणी गेलं.

आम्ही माघारी आलो. वस्तीवर त्यांनी चहा दिला आणि माझा कप रिकामा होईपर्यंत थांबल्या.

"डाक्टर, गाडी तुमी नीट ठिवाल. त्यात सौंशय न्हाई," त्या म्हणाल्या. "पर मला द्यायची न्हाई."

मी तापट माणूस आहे, उसळलोच. "अहो, तुम्हीच सांगितलं होतंत ना? फक्त गाडीला म्हणून! मी तुमचाच शब्द पाळला!"

"व्हय. म्याच सांगितलं हुतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर मला कुठं ठावं हुतं, तिथं बाई पडंल म्हून? तुमाला तर दिसत हुती."

वाटेत काकासाहेब बाईंच्या विक्षिप्तपणाबद्दल बोलत राहिले आणि मी हो ला हो करत राहिलो. घरी बायकोला हकिगत सांगायला बसलो. चुंबक, लाथ, भाकऱ्या, सगळं रंगवून सांगितलं. "हे गाडीचं पाणी आहे" इथवर आलो आणि पुढे बोलताच येईना. दुसऱ्या दिवशी कंपाउंडरला सांगायला गेलो, तिथेही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी सांगणं सोडून दिलं. खरं सांगतो, मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात पाणी उकळून त्याची वाफ थंड करून धरायचं एक जुनं काचेचं यंत्र होतं. ते मी बाहेर काढलं. आठ दिवस स्टोव्ह ढणढणत होता आणि रॉकेल कुठे जातंय म्हणून बायको माझ्यावर चिडलेली. पुंजाराम पत्रेवाल्याकडून मी पाच-पाच लिटरचे दोन डबे करून घेतले. एकात ते थेंबाथेंबाने साठवलेलं पाणी भरलं. दुसऱ्यात घरचं प्यायचं. आणि कमरेला पट्टा आवळून एसटीने निघालो. गाडी मागायला गेलो नव्हतो असं मी म्हणणार नाही. मागायलाच गेलो होतो. पण त्याआधी मला घाटाच्या पायथ्याला उतरायचं होतं.

लंकाबाई कामावर होती. मला ओळखून तिने पदर सारखा केला. तिच्या मनात काही नव्हतं, हेच मला जास्त लागलं. टँकर त्या दिवशीही उशिरानेच येणार होता. प्यायच्या पाण्याचा डबा मी तिच्यापुढे ठेवला. पंधरा-वीस ओंजळींत तो संपला. मग उलटी एसटी पकडून, दोन डबे दोन हातांत घेऊन, पाऊण मैल चालत वस्तीवर पोचलो. कंबर मोडून आली होती.

मुक्ताबाई दारातच होत्या. त्यांनी डब्यांकडे पाहिलं.

"दोन कशाला?"

"एक गाडीचा," मी म्हणालो.

त्यांनी पहिला डबा उचलला, झाकण काढून वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. मग दुसरा उचलला. तो हलका लागला तशी त्यांनी आत डोकावून पाहिलं. तळाशी ओल होती.

"ह्यो वाटंत सांडला काय?"

"नाही," मी म्हणालो. "पायथ्याला उतरलो होतो."

त्या आत गेल्या. चुलीशेजारच्या खिळ्यावरून किल्ली काढल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. परत आल्या तेव्हा किल्ली हातात होती. पण माझ्या हातात देण्याआधी त्यांनी रिकामा डबा घरातल्या माठातून काठोकाठ भरला, झाकण घट्ट बसवलं आणि स्वतः गाडीची डिकी उघडली.

"स्टेपनी डावीकडं सरकवा," त्या म्हणाल्या. "मंजी दोन्ही डबं बसत्याल."