गादीवर टाकलेला पंचा

एसटीत जागा धरायचा कायदा सोपा आहे. खिडकीतून रुमाल आत टाकायचा. रुमाल ज्याचा, सीट त्याची. मग तो माणूस दारातल्या रेटारेटीतून कितीही उशिरा वर येवो, त्याच्या रुमालावर बसायची कुणाची छाती होत नाही. मुक्ताबाईला हा एकच कायदा तोंडपाठ होता आणि साताऱ्यापासून वाशीपर्यंत तो सगळीकडे चालला होता. तेव्हा पनवेलजवळच्या त्या रिसॉर्टात, पोहायच्या तलावाच्या कडेला तरंगणाऱ्या निळ्या हवेच्या गादीवर तिनं नवऱ्याचा पंचा टाकला, यात तिचं काय चुकलं? गादी कुणाची, हे विचारावंसंही तिला वाटलं नाही. पाणी सगळ्यांचं, तर गादी तेवढी कुणाच्या बापाची असणार?

पोरगा रणजीत कुरिअर कंपनीत लागला होता. कंपनीची सहल होती, घरच्यांना आणा म्हणाले, म्हणून तो आईबापाला घेऊन आला होता. बाप कोंडिबा वाशीच्या बाजारात माथाडी. अठ्ठावीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिल्या आणि दोन वर्षांमागं पाठीनं जे धरलं ते सोडलंच नाही. आडवं झालं की कळ थेट मस्तकात. तेव्हापासून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा आणि मुक्ताबाई शेजारी अर्धी जागी. डॉक्टर झाले, हाडवैद्य झाला, गावाकडचा लेप झाला. आणि इथं बघावं तर एक आडदांड गृहस्थ तसल्याच गादीवर उताणा पडलेला, अंग वळेल तशी गादी वळत होती. खालनं पाणीच झेलणार असेल, तर ह्यांनाही जमेल की, असं तिच्या मनात आलं आणि मग तिला दुसरं काही सुचेना.

पण धोतरावर पाण्यात सोडत नाहीत, असं तलावावरच्या शिटीवाल्यानं सांगितलं. भाड्याची चड्डी घ्यावी लागेल. कोंडिबा रणजीतच्या खांद्यावर हात टाकून कपडे बदलायला गेला. ज्याला वाकता येत नाही, त्याला चड्डी चढवायला वेळ हा लागणारच.

तेवढ्यात गादी वाऱ्यानं मधे सरकली आणि एक मिशीवाला माणूस गादीशेजारी येऊन उभा राहिला. कमरेएवढ्या पाण्यात. मुक्ताबाई काठावरनं उठून बघू लागली. बसतो की काय हा? पण तो बसेना, आणि जाईही ना. पंच्याकडे बघायचा, मग काठावरच्या माणसांकडे बघायचा. त्याची मुलगी दोनदा काहीतरी कुरकुरली, तिलाही त्यानं गप्प केलं. बसायचं नसेल तर राखण कशाची करतोय? मुक्ताबाईचं डोकं चालेना.

कोंडिबा आला, रणजीतचा हात धरून पायऱ्या उतरला. मिशीवाल्यानं गादी पुढं ढकलली.

"बसा. तुमचा पंचा हाय ना? मघाधरनं राखून ठेवलाय."

"उपकार झालं," कोंडिबा म्हणाला. "तुमचा नंबर आमच्या मागनं का?"

"नंबर कसला, गादी आमचीच हाय. घरून फुगवून आनलेली. आता ढकलताना खालचा ठिगळ दिसला, तवा कळला."

कोंडिबानं पाय मागं घेतला. काठावर मुक्ताबाईचं तोंड पडलं. "मग तुमी बसला का न्हाई?" तिनं विचारलं.

"पंचा होता ना वर," तो म्हणाला. "इथल्या गाद्यापन अशाच निळ्या. मना वाटला, आमची गेली कुठंतरी वाहून, नि ही तुमी धरलेली. धरलेल्या जागेवर कसा बसनार?"

मग सुरू झालं. कोंडिबा म्हणे तुमची वस्तू, तुमीच बसा. तो म्हणे तुमचा पंचा, तुमीच बसा. दोघंही हट्टाला पेटले आणि गादी मधल्या मधे गोल फिरत राहिली. शेवटी मुक्ताबाईनं लाज गुंडाळून ठेवली. "दोन वरसं ह्यांनी पाठ टेकली न्हाई, भाऊ," ती काठावरनंच म्हणाली.

तो माणूस, उरणकडचा कमळाकर, तसाच पुढं झाला. त्यानं एका बाजूनं आणि रणजीतनं दुसऱ्या बाजूनं कोंडिबाला उचललं. गादी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा तो तिच्यावर सरळ, लांबलचक आडवा झाला.

मुक्ताबाई कळेची वाट बघत राहिली. कळ आली नाही. नवऱ्याला असं उताणं पाहायची सवय मोडली होती. इतका निपचित पडलेला माणूस बघून तिच्या मनात नको ते आलं.

"आवं, दुखतंय का?"

तो डोळे मिटूनच बोलला. "कळंना. पाठ हाय का न्हाई, तेच कळंना."

आणि त्याला झोप लागली. भर दुपारी, पोरांच्या कालव्यात, तोंड उघडं टाकून. कमळाकर गादीचा कोपरा धरून उभा राहिला आणि आजूबाजूच्या पोरांना हातानंच लांब सारू लागला. मुक्ताबाई पदरानं डोळे टिपत बसली. आज घरी गेल्यावर पुन्हा भिंतच, हे तिच्या ध्यानात येत होतं.

"अशी गादी कुठं मिळंल वो?" तिनं विचारलं.

"हीच घेऊन जा. माझा धाकटा भाव बोटीवर नोकरीला हाय, दुसरी आनील."

मुक्ताबाई हरखली. मग तिनं गादीकडे पाहिलं आणि गादीखालच्या पाण्याकडे पाहिलं. कोपरखैरण्याच्या त्यांच्या खोलीत नळ सकाळी अर्धा तास यायचा.

"आन् पाणी?" ती म्हणाली.

कमळाकरनं एकदा पाण्याकडे पाहिलं. तो गादी धरून तसाच उभा राहिला.