पाठबळ नाही

आठवीच्या वर्गशिक्षिका वित्स्केबाईंनी संगणकाचा पडदा हार्मेनकडे वळवला. लेकीची फाइल पाहायचा बापाला हक्कच होता, तरी त्यांना ते जिवावर आलं होतं.

आठवीतल्या यिल्डूच्या गुणांची रेघ चौथीपासून चढतच गेली होती, पण शिफारस होती कामधंद्याच्या शाळेची. त्या शिफारशीवरच तिची पुढची शाळा ठरायची होती. पाच वाजता ती पाठवायची होती आणि आता सव्वाचार झाले होते.

"रेघ वर आणि पोरगी खाली?" कालव्यातून मालवाहू बोट चालवणारा हार्मेन म्हणाला. "हे कुठलं गणित, बाई?"

"नुसते गुण नाही बघत. घरचंही बघतात."

"आमच्या घराला काय धाड भरलीय?"

बाईंनी पान खाली सरकवलं. 'घरून पाठबळ नाही.' सातवीच्या शिक्षकांनी लिहिलेलं. सहावीतही तेच, पाचवीतही तेच, शब्दाला शब्द. दरवर्षी मागचं उचलून पुढे चिकटवलेलं. खरंखोटं बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

"पहिल्यांदा कुणी लिहिलं?"

तिसरीच्या नोंदीपाशी बाईंचा हात थांबला. 'पालकभेटीला कुणी आलं नाही. घरून पाठबळ नाही.' खाली त्यांचंच नाव होतं; तेव्हा तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे होता.

"मी," त्या म्हणाल्या.

"आलो होतो की! कालव्याचं दार उघडेना, बोट अडकून पडली, म्हणून बारा मिनिटं उशीर झाला. तुम्ही दारातूनच सांगितलंत, तुमची दहा मिनिटं संपली."

बाईंना आठवलं. भिजलेली टोपी हातात धरून उभा असलेला माणूस, आणि वेळापत्रक पाळल्याचं आपलं समाधान. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी शिफारस बदलली. विद्यापीठाकडे नेणारी शाळा. बदलाचं कारण विचारलेल्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'जुनी नोंद चुकीची. चूक माझी.'

"मुख्याध्यापकांशी मी बोलते. पाचच्या आत जाईल."

हार्मेन उठला नाही. तो पडद्याकडेच बघत राहिला.

"हे वाक्य आमच्या बाउकेच्या फायलीतपण होतं?"

बाउके म्हणजे यिल्डूचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी तो इथूनच कामधंद्याच्या शाळेत गेला होता. बाईंना शोधायची गरजच नव्हती. घरची नोंद भावंडांना एकच लागते.

"होतं," त्या म्हणाल्या.

"तो अजून म्हणतो," हार्मेन हळूच म्हणाला, "बाबा, मला डोकंच नाही."